कैफियत न घेतलेल्या स्त्रिया

आमच्या मंडळाच्या मासिक वाचनसभेत मागे एकदा ग्रीक पुराणकथांवरील नव्या इंग्रजी कादंबऱ्यांचा विषय निघाला. परिचय करून देणाऱ्या भगिनींचे बोलणे संपताच एक वयोवृद्ध सभासद काहीशा त्राग्याने म्हणाले, "जिने पोटची मुले मारली ती आता नायिका, जिने नवऱ्याला न्हाणीघरात ठार केले तिची बाजू ऐकायची, आणि जिच्यापायी अख्खे शहर जळले ती म्हणे बिचारी! मूळ ग्रंथकारांना काय कळत नव्हते?" सभेत हशा पिकला, चहा आला आणि प्रश्न तसाच राहिला. आम्हीही त्या दिवशी हसलोच. पण घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना.

आमची सारी नोकरी राज्य शासनाच्या महसूल खात्यात झाली. त्या खात्यात नव्याने रुजू होणाऱ्यास पहिला धडा मिळतो तो असा, की दुसऱ्या पक्षाची कैफियत घेतल्यावाचून दिलेला आदेश अपिलात टिकत नाही. कैफियत खोटी असेल, पोकळ असेल; ती फेटाळण्याचा अधिकार आपल्याला आहे, पण ती न घेण्याचा नाही. निवृत्तीनंतर हाती वेळ होता. म्हणून जुन्या सवयीने आम्ही या ग्रीक प्रकरणांचे दप्तर, म्हणजे मूळ ग्रंथांची भाषांतरे, मिळतील तशी वाचून काढली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. या वाचनाची एक गाठ आमच्या स्वतःच्या घराण्याशीही जाऊन पडली. तिच्याविषयी शेवटी सांगू.

प्रथम या कादंबऱ्यांची थोडक्यात ओळख करून घेऊ. जर्मन लेखिका क्रिस्टा वुल्फ यांची 'कासान्ड्रा' १९८३ साली आणि 'मेडिआ' १९९६ साली प्रसिद्ध झाली. कॅनडाच्या मार्गारेट ॲटवुड यांनी २००५ साली 'द पेनेलोपिआड'मध्ये ओडिसिअसच्या पत्नीला बोलते केले. २०१८ साली अमेरिकेतील मॅडलीन मिलर यांची 'सर्सी' आणि इंग्लंडच्या पॅट बार्कर यांची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' ही दोन पुस्तके आली आणि या प्रवाहास जणू पूर आला. नॅटली हेन्स यांनी २०२२ साली 'स्टोन ब्लाइंड'मध्ये मेडूसेची, तर कोस्टान्झा कासाती यांनी २०२३ साली 'क्लायटेम्नेस्ट्रा'मध्ये त्या राणीची कथा सांगितली. मिलर आणि हेन्स यांनी विद्यापीठात ग्रीक-लॅटिनचे रीतसर अध्ययन केलेले आहे. तेव्हा मूळ ग्रंथ न वाचता केलेली ही उठाठेव आहे, असे म्हणून या पुस्तकांची वासलात लावता येत नाही.

आक्षेप असा असतो, की या लेखिका मूळ कथा बदलतात. पण मूळ कथा म्हणजे कोणती? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मेडिआइतके चांगले प्रकरण दुसरे नाही.

मेडिआ ही काळ्या समुद्राच्या पूर्वेकडील कोल्खिस देशाची, म्हणजे आजच्या जॉर्जियाच्या बाजूची, राजकन्या. जेसन नावाच्या ग्रीक वीरास सोनेरी लोकर मिळवून देण्यासाठी तिने बापाशी वैर पत्करले, देश सोडला आणि त्याच्याबरोबर ती कॉरिंथ नगरीत आली. तेथे जेसनने राजाच्या मुलीशी लग्न केले. मेडिआने नव्या नवरीस विषारी वस्त्र धाडून मारले आणि नंतर जेसनचा निर्वंश करण्यासाठी आपल्याच दोन मुलांचा वध केला. जगाला ठाऊक असलेली कथा ती ही. ही युरिपिडीसच्या नाटकातील आहे, आणि ते नाटक अथेन्सच्या नाट्योत्सवात इ. स. पू. ४३१ मध्ये झाले. त्या वर्षी तीन नाटककारांच्या स्पर्धेत युरिपिडीस तिसरा, म्हणजे शेवटचा आला.

मात्र कॉरिंथमध्ये निराळ्याच कथा सांगत असत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस नावाच्या प्रवाशाने ग्रीसचे वर्णन लिहून ठेवले. गावोगावची देवळे, थडगी आणि आख्यायिका यांची त्याने केलेली नोंद एखाद्या जिल्हा गॅझेटिअरसारखी तपशीलवार आहे. तो सांगतो, की कॉरिंथमध्ये मेडिआच्या मुलांचे स्मारक होते. मुलांची नावे मर्मेरस आणि फेरीस. नवरीसाठी धाडलेली ती वस्त्रे घेऊन हीच मुले गेली होती, म्हणून कॉरिंथच्या लोकांनी त्यांना दगडांनी ठेचून मारले. त्याच पॉसेनिअसने तेथील एका जुन्या कवीच्या आधारे आणखी एक कथा दिली आहे. तीत मेडिआ मुले अमर व्हावीत म्हणून त्यांना हीरा देवीच्या मंदिरात लपवून ठेवते आणि तिची आशा फोल ठरते. म्हणजे एका कथेत मारेकरी गावकरी आहेत, दुसरीत एका आईची घोडचूक आहे, तिसरीत सूड आहे. जग लक्षात ठेवते ती तिसरी.

युरिपिडीसच्या नाटकावर प्राचीन काळीच टिपणे लिहिली गेली. त्यांतील एका टिपणात अशी वदंता दिली आहे, की हा वध मेडिआच्या माथी मारण्यासाठी कॉरिंथकरांनी युरिपिडीसला पाच टॅलंट, म्हणजे तीस हजार द्राख्मा, दिले. ही लाचेची गोष्ट आम्हाला खरी वाटत नाही. ज्या वर्षी नाटक झाले त्याच वर्षी पेलोपोनेशियन युद्धास तोंड लागले, आणि त्यात कॉरिंथ हे अथेन्सच्या शत्रुपक्षात होते. शत्रूच्या गावाची अब्रू वाचविण्यासाठी अथेन्सच्या कवीने अथेन्सच्याच रंगमंचावर नाटक करावे, हे संभवत नाही. शिवाय याच नाटककाराने परक्या गावी येऊन पडलेल्या स्त्रीच्या हालांविषयी मेडिआच्या तोंडी मोठे भाषण घातले आहे. तिची कैफियत पहिल्यांदा नीट घेतली ती त्यानेच. तरीही वदंता खोटी ठरली म्हणून निरुपयोगी ठरत नाही. ती कोठल्या दुखऱ्या जागी जाऊन बसते ते पाहावे लागते. मुलांना मारणारे कोणी दुसरेच होते, ही आठवण लोकांत शिल्लक होती, एवढे तिच्यावरून कळते.

पॉसेनिअसने आणखी एक गोष्ट नोंदली आहे, ती आमच्या मनात घर करून राहिली. त्या अन्याय्य वधानंतर कॉरिंथची तान्ही मुले दगावू लागली. देववाणीच्या सांगण्यावरून मग तेथे मेडिआच्या मुलांसाठी दरवर्षी बळी अर्पण करण्याची प्रथा पडली. गावची मुले त्यांच्या स्मरणार्थ केस कापीत आणि काळी वस्त्रे नेसत. इ. स. पू. १४६ मध्ये रोमन सैन्याने कॉरिंथ उद्ध्वस्त केले, जुने लोक नाहीसे झाले, आणि पुढे जे नवे वसाहतकरी तेथे आणून बसविले त्यांनी ही प्रथा सोडून दिली. पिढ्यान्पिढ्या मूळ गाव सोडून राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना यातले मर्म वेगळे सांगावयास नको. गावाने स्वतःच्या अपराधाची आठवण शतकानुशतके मुलांच्या कापलेल्या केसांत जपली होती. ते गाव गेले, आठवण गेली, आणि नाटक तेवढे उरले.

क्रिस्टा वुल्फ यांनी आपली कादंबरी याच जुन्या धाग्यावर उभी केली आहे. तीत सहा जण आळीपाळीने बोलतात. त्यांत मेडिआ आहे, तशीच तिची वैरीणही आहे. कॉरिंथच्या राजघराण्याने सिंहासनासाठी आपल्याच एका मुलीचा बळी घेऊन ती गोष्ट दडपली आहे, हे मेडिआस कळते. मग गावात कुजबुज सुरू होते: ही परकी आहे, चेटकीण आहे, हिने भावाला मारले. शेवटी जमाव तिच्या मुलांना ठार करतो आणि नोंद मात्र आईच्या नावे होते. ही कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या तीनच वर्षे आधी, १९९३ मध्ये, खुद्द वुल्फबाईंनी १९५९ ते १९६२ या काळात पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांना माहिती पुरविल्याचे उघड होऊन त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. पुढे त्याच पोलिसांनी त्यांच्यावर कित्येक वर्षे पाळतही ठेवली होती. आरोप करणारे आणि आरोप सोसणारे, दोन्ही बाजूंचे दप्तर त्यांनी आतून पाहिले होते. म्हणूनच कुजबुजीचा आरोप कसा होतो, ते या पुस्तकात इतके बारकाईने आले असावे.

आता हेलनकडे वळू. तिच्यापायी ट्रॉय जळले हे होमरपासून सर्वतोमुखी झाले. पण इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या स्टेसिकोरस या कवीविषयी प्लेटोने एक आख्यायिका दिली आहे. हेलनची निंदा केल्यामुळे त्याची दृष्टी गेली आणि ती निंदा मागे घेणारे काव्य रचल्यावर ती परत आली. हेलन ट्रॉयला गेलीच नव्हती, असे त्या काव्याचे म्हणणे होते. पुढे इतिहासकार हिरोडोटसने इजिप्तमधील पुजाऱ्यांचे कथन नोंदविले, की ती युद्धाच्या काळात इजिप्तमध्ये होती. त्यावर त्याने दिलेले कारण एखाद्या चौकशी अधिकाऱ्याच्या शेऱ्यासारखे आहे. हेलन खरोखर ट्रॉयमध्ये असती तर पॅरिसची इच्छा असो वा नसो, तिला परत दिली गेली असती. धाकट्या राजपुत्राच्या बायकोसाठी कोणता राजा आपले मुलगे एकामागून एक मारू देईल? आणि गादीचा वारस तर हेक्टर होता, पॅरिस नव्हे. ज्या युरिपिडीसने मेडिआस मुलांची मारेकरीण म्हणून रंगमंचावर आणले, त्यानेच इ. स. पू. ४१२ मध्ये इजिप्तमध्ये पतीची वाट पाहणारी निर्दोष हेलन दाखविली. म्हणजे बदनाम स्त्रीची बाजू मांडणे हे एकविसाव्या शतकातील खूळ नव्हे. ग्रीकांच्या घरात ते अडीच हजार वर्षांपूर्वीच चालले होते.

क्लायटेम्नेस्ट्राचे प्रकरण तर थेट न्यायालयातले आहे. ट्रॉयहून परतलेल्या अ‍ॅगमेम्नॉन राजाची हत्या झाली. होमरच्या 'ओडिसी'त वृद्ध नेस्टर सांगतो, की राणी आरंभी शहाणपणाने वागत होती आणि तिने त्या दुष्कृत्यास नकार दिला होता. फूस लावणारा व कट रचणारा होता तो एजिस्थस. मात्र त्याच काव्यात अ‍ॅगमेम्नॉनचे भूत तिच्या एका कृत्यावरून साऱ्या स्त्रीजातीस दोष देऊन मोकळे होते. ईस्किलसच्या इ. स. पू. ४५८ मधील नाट्यत्रयीत शस्त्र राणीच्या हाती येते. पण तिचे कारणही तेथेच पुढे येते: गलबतांना अनुकूल वारा मिळावा म्हणून अ‍ॅगमेम्नॉनने इफिजेनिया या स्वतःच्या मुलीचा बळी दिला होता. होमरने हा बळी कोठेही सांगितलेला नाही. पुढे युरिपिडीसने आणखी एक पान जोडले, की अ‍ॅगमेम्नॉनने तिच्या पहिल्या पतीस आणि तिच्या अंगावरच्या तान्ह्या मुलास मारून तिच्याशी लग्न केले होते. कासाती यांची कादंबरी याच पानावर उभी आहे. ते त्यांनी पदरचे घातलेले नाही.

ईस्किलसच्या तिसऱ्या नाटकात आईला मारणाऱ्या ओरेस्टिसचा खटला अथेन्समध्ये चालतो. बचावासाठी अपोलो देव उभा राहतो आणि सांगतो, की आई ही खरी जन्मदाती नव्हेच. ती बीज सांभाळणारी, जन्मदाता तो बाप. मते समसमान पडतात आणि अथीना देवीच्या मताने ओरेस्टिस सुटतो. हे नाटक होण्याच्या चारच वर्षे आधी अथेन्समध्ये त्या एरिओपॅगस न्यायसभेचे बरेचसे अधिकार काढून घेऊन खुनाच्या खटल्यांचे काम तिच्याकडे ठेवले होते. न्यायसंस्थेच्या प्रतिष्ठेचे ते नाटक आहे आणि थोर आहे, यात शंका नाही. पण क्लायटेम्नेस्ट्राचे भूत नाटकाच्या आरंभी येऊन सूडदेवतांना जागे करून जाते, ते न्यायसभेत येत नाही. तेथे इफिजेनियाच्या बळीचा मुद्दाही कोणी काढीत नाही. ज्यास आम्ही एकतर्फी म्हणतो तो निकाल याहून वेगळा नसतो.

इतके लिहिल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचाच निकाल एकतर्फी होईल. या लाटेतील सारीच पुस्तके सारख्या मोलाची नाहीत. काहींत नायिका इतकी निष्कलंक होते, की तिला अपराध करण्याचेही सामर्थ्य उरत नाही. सगळे पुरुष दुष्ट आणि ती मात्र आजच्या विचारांची. एक बदनामी पुसून तिच्या जागी एक स्तुतिपाठ ठेवला, तर कैफियत घेतली असे होत नाही. मेडिआने नव्या नवरीला मारले, हे बहुतेक कथांत कायम आहे. त्या बिचाऱ्या मुलीची बाजू कोण घेणार?

या दृष्टीने आम्हाला ॲटवुड यांचे छोटे पुस्तक अधिक प्रामाणिक वाटले. 'ओडिसी'च्या बाविसाव्या सर्गात, पत्नीच्या मागणीदारांचा संहार केल्यावर, ओडिसिअसच्या आज्ञेने घरातील पन्नास दासींपैकी बारा जणींना मृत्युदंड होतो. तलवारीचे मरण त्यांना फार चांगले, असे म्हणून राजपुत्र टेलेमॅकस त्यांना जहाजाच्या दोराने फाशी देतो. ॲटवुड यांच्या पुस्तकात या बारा जणी पुन्हा पुन्हा येऊन बोलतात आणि त्यांचे बोट खुद्द पेनेलपीकडेही वळते. मालकिणीची कैफियत घेताना दासींची राहून गेली, हे त्या पुस्तकाने ओळखले आहे. २०१७ साली 'ओडिसी'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणाऱ्या एमिली विल्सन यांनी दाखवून दिले, की या दासींसाठी मूळ ग्रीकमध्ये नसलेले शिवीवजा शब्द पूर्वीच्या काही भाषांतरकारांनी वापरले होते. नक्कल उतरविणाऱ्या कारकुनाने पदरचे चार शब्द घालावेत, तसेच हे झाले. बदनामी नेहमी मूळ कागदातच असते असे नाही. पुष्कळदा ती नकलेत शिरते. तसेच बार्कर यांच्या ब्रिसेइसचे. साडेपंधरा हजारांहून अधिक ओळींच्या 'इलियड'मध्ये, जिच्यावरून दोन सेनानी भांडले ती ही बंदिवान स्त्री, एकदाच बोलते, आणि तेही चौदा ओळी. त्या चौदा ओळींत तिचा पती व तीन भाऊ मारले गेल्याची हकीकत आहे. कादंबरीकर्तीने तेवढ्यावरून एक सबंध स्त्री उभी केली.

आपल्याकडेही ही वाट अनोळखी नाही. जात्यावरच्या ओव्यांतून आपल्या आज्यांनी सीतेचा वनवास रामाच्या बाजूने नव्हे, सीतेच्या बाजूने गाइला. वि. स. खांडेकरांनी 'ययाति'मध्ये (१९५९) देवयानी आणि शर्मिष्ठा यांना स्वतःच्या तोंडाने बोलू दिले. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) महाभारताच्या संशोधित आवृत्तीच्या आधारे जुने काय, मागाहून घातलेले काय, हे तपासले आणि गांधारी, कुंती, द्रौपदी यांचा विचार केला. कोणालाही देवी केले नाही, कोणालाही कुलटा ठरविले नाही. ग्रीक दप्तर तपासताना आम्हाला तोच धडा उपयोगी पडला.

आता घरची गोष्ट. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९८६ साली छापला गेला, तेव्हा ग्वाल्हेर शाखेच्या नोंदी लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. आमच्या आजोबांच्या धाकट्या भावाच्या पत्नी तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. त्यांच्याविषयी वडीलधाऱ्यांनी सांगितले, "दागिने घेऊन निघून गेली. जास्त लिहू नकोस." आम्ही एका ओळीत तसे लिहिले. पुढे वाड्याच्या वाटणीत माळ्यावरची एक पेटी आमच्या वाट्यास आली. तीत मोडी लिपीतील एक गहाणखत निघाले. त्याची मिती चुलत आजींच्या जाण्याच्या आधी आठ महिन्यांची होती. गहाण ठेवलेल्या जिनसांत त्यांच्याच पाटल्या, तोडे आणि ठुशी होती, आणि खाली सही होती आमच्या आजोबांची.

ते गहाणखत आम्ही पुन्हा पेटीत ठेवले. दुसऱ्यांचे एकतर्फी आदेश तपासण्यात नोकरी घालविलेल्या माणसाने स्वतःच्या हातची ओळ मात्र वीस वर्षांहून अधिक काळ तशीच राहू दिली. वाचनसभेत आम्ही का हसलो असू, ते आता आम्हास उमगते.

त्यांच्यावर कादंबरी लिहिण्याचे आमच्यात सामर्थ्य नाही, आणि लिहूही नये. त्या कागदावरून त्या कोण होत्या, कशा होत्या, का गेल्या, हे कळत नाही. त्यांनी दागिने नेले नाहीत, एवढेच कळते. म्हणून आम्ही एका पानाची पुरवणी छापून कुलवृत्तांत असलेल्या घरोघरी पाठविली आहे. तीत जुनी ओळ, गहाणखताचा मजकूर आणि आजोबांची सही, तिन्ही आहेत. दोन घरांतून नाराजीची पत्रे आली. एका घरातून एका वृद्ध सूनबाईंनी पोस्टकार्ड धाडून विचारले आहे, की त्यांचे माहेरचे नाव काय होते. ते कुलवृत्तांतात नाही. आम्ही लिहिलेच नव्हते. त्याचा शोध आता सुरू केला आहे.